आधी पाय, मग व्हायोलिन

चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर पानोपानी चुकेल, तेवढं सांभाळून घ्या. पण वरच्या मजल्यावरच्या ओताकरकाकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ओताकरकाका व्हायोलिन शिकवायचे, पण व्हायोलिनला हात लावू द्यायचे नाहीत. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी कार्पेट. यांनी आपलं गुंडाळून कोपऱ्यात उभं केलेलं, खाली फळ्या उघड्या. शिकायला येणाऱ्याने आधी त्या फळ्यांवर नाचायचं. "फर्स्ट फूट, देन फिडल!"

माझी नात सई दोन महिने नुसती नाचत होती. लेक वैतागली. "आई, मी व्हायोलिनची फी देतेय, लेझीमची नाही!"

काका चेक देशातल्या खेड्यातले. तिकडे फुरियांत नावाचा नाच असतो. एक-दोन, एक-दोन, एक-दोन, आणि लगेच एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. ठेका बदलला की नवखा माणूस अडखळतोच. मोठमोठ्या संगीतकारांनी हा नाच उचलून आपल्या वाद्यवृंदात घातला आणि खेड्याला दमडी दिली नाही, हे काकांचं जुनं दुखणं. तसलं संगीत लागलं की रेडिओच्या लाकडी पेटीवर पंजा ठेवून ते ओरडायचे, "थीफ! टेक, नो पे!" एकदा तर बर्फाच्या बातम्या चालू असतानाही ओरडले. सई हसून लोळली. "आजी, ही इज सो वियर्ड!"

सईची शिकवणी चालू असताना मी काकांच्या दाराशी खुर्चीत बसून राहायची. इंग्रजी येत नाही आणि परक्यांशी बोलायची लाज वाटते.

वर्षभरात सई छान वाजवायला लागली. एका शनिवारी ती वाजवत होती, काका डोळे मिटून पायाने ठेका देत होते. तेवढ्यात आत त्यांचा ब्रेड करपला आणि धुराचा अलार्म किंचाळला. सईने व्हायोलिन टाकून कान झाकले. काका ठेका देतच राहिले. "गुड, गुड," म्हणाले.

मी आत धावले. फळ्या हादरल्या, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. हातात पाकीट, त्यात वर्षाची फी. "नो हिअर," कानाला हात लावून म्हणाले. "आय टेक मनी. आय ऑल्सो थीफ. नो मोअर लेसन."

पाकीट लेकीच्या हातात ठेवून ते वर गेले. सई आत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन मी एकटीच वर गेले. चपला काढल्या, पदर खोचला आणि टाचा आपटल्या. एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन... आणि चुकले.

पाय फळ्यांवर घट्ट टेकवून काकांनी डोळे मिटले होते. "राँग," ते म्हणाले. "अगेन."

दुसऱ्यांदा बरोबर आलं.

"हू टीच यू?"

मी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि पाकीट पुढे केलं.

त्यांनी पाकीट घेतलं. मग टेबलाशी बसून त्यांनी एकेक नोट मोजली. एकही कमी नव्हती. पाकीट खिशात घातलं आणि म्हणाले, "सॅटरडे, टेन ओ'क्लॉक. यू ऑल्सो."