काकींची बाजू

आमच्या शेजारचे सुर्वेकाका रोज दिवेलागणीला गॅलरीत येतात, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि विचारतात, "मी तर पडलो. तू काय केलंस गो?"

खुर्चीवर काकींचा मोबाइल ठेवलेला असतो. काकी जाऊन दोन पावसाळे झाले. काका मोबाइल उचलतात, चष्मा कपाळावर सरकवून बघतात आणि खूश होतात. "बघ महेश, चढली! मी पडलो की ही चढणार. जिवंत होती तेव्हा तेच, आता पण तेच."

मी म्हणतो, "हो काका."

मी सगळ्यांनाच हो म्हणतो. वाद घालायचं धैर्य माझ्यात नाही. मग मनातून ज्याला नाही म्हणायचं होतं, त्याला आपण फसवलं असं वाटून मी स्वतःवरच चिडत राहतो.

काका पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी रत्नागिरीत फ्लॅट घेतला आणि शेअर बाजारात लक्ष घातलं. पण कुठला शेअर चढेल, हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. कोण कोणाबरोबर पडतो, एवढंच ते बघतात. त्याला ते को-रिलेशन म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाज असा खाली आणतात की ऐकणाऱ्याने चप्पल काढावी.

एकदा मी त्यांना अभिमानाने माझे पाच शेअर दाखवले.

"पाच कुठे आहेत? एकच आहे," ते म्हणाले. "पाचही बँका! एकीला ताप आला की पाचही जणी अंथरुणात. मेल्या, पोफळीला सगळी मशीनं एकाच धरणाच्या पाण्यावर. पाणी तोडलं की दहा असली काय नि एक असलं काय! एक पडला तर दुसऱ्याला त्याचा पत्ताच नको, असे शेअर धर."

हा नियम ते माणसांनाही लावतात. आमच्या बिल्डिंगमध्ये एक नवं जोडपं आलं. दोघंही हळवी, दोघंही गोड. सगळे कौतुक करत होते. काका म्हणाले, "कठीण आहे. दोघं एकदम रडणार. एकाने तरी रुमाल धरायला नको?" गणपतीपुळ्याला जाताना काका निवळीवरून जायचे आणि काकींना आरे-वारेच्या रस्त्याने पाठवायचे. "एका गाडीला काही झालंच, तर दुसऱ्याने प्रसाद घेऊन घरी यायला हवं ना?"

काकींना मी पाहिलंय. काकांनी पंखा लावला की त्या बंद करायच्या. काकांनी सिमेंट, लोखंड आणि वीज घेतली, तेव्हा त्यांनी हट्टाने आपल्या मोबाइलवर स्वतःचं वेगळं खातं उघडलं आणि साबण, चहा, खोकल्याचं औषध बनवणाऱ्या कंपन्या घेतल्या. काका हसले होते. काकी म्हणाल्या, "लोक घर बांधायचे थांबतील. अंघोळ करायचे थांबतील काय?" पुढे खरंच बांधकामं थांबली, काकांचं खातं झोपलं आणि काकींच्या साबणाने घर तरलं. तेव्हापासून काका काही घ्यायचं ठरवलं की आधी काकींना विचारत. त्या नको म्हणाल्या की समाधानाने घेत. दोन बाजू झाल्या, आता काळजी नाही, असा तो हिशेब.

त्या गेल्यावरही विचारणं थांबलं नाही. "काय गो, लोखंड वाढवू?" असं विचारून काका वाट बघतात. एकदा माझ्यासमोर त्याच क्षणी लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाण्याला कारण लागत नाही, हे मला कळतं. पण काका अंधारात शांतपणे म्हणाले, "नको म्हणते." दुसऱ्यांदा प्रश्न विचारल्यावर खुर्ची हलली. वारा होता. तिसऱ्यांदा वारा नव्हता.

एका पावसाळी संध्याकाळी काका काकींचा मोबाइल घेऊन चहा आणायला आत गेले आणि मी नकळत त्या खुर्चीत टेकलो. दिवसभर ऊन नव्हतं, खुर्चीचा पत्रा गार असायला हवा होता. तो गरम होता. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. मी उभा राहिलो आणि चहा उभ्यानेच प्यायलो. काकांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

त्यांचा मुलगा सुनील पनवेलला असतो. त्याने मला फोन केला. "महेशदादा, आईचं खातं अजून तसंच चालू आहे. ते बंद करून बाबांच्या नावावर घ्यायला हवं. आणि बाबा रोज त्या मोबाइलशी बोलतात, हे बरं नाही. तुम्ही समजवा ना."

मी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी काका म्हणाले, "सुनील तिचं खातं माझ्यात मिसळायला बघतोय. मग मला आडवं कोण बोलणार? तू माझ्या बाजूने राहा हां." मी त्यांनाही हो म्हणालो. नंतर सुनीलचे फोन उचलायचं टाळू लागलो.

मग बाजार कोसळला. सिमेंट पडलं, लोखंड पडलं, बँका पडल्या. साबण, चहा, औषध, कोणी म्हणून उरलं नाही. गॅलरीतून नेहमीचा प्रश्न ऐकू आला, पण पुढचं हसू आलं नाही. थोड्या वेळाने आमची बेल वाजली. काका दारात उभे होते, हातात काकींचा मोबाइल.

"महेश, आज ती हो म्हणाली."

"म्हणजे?"

"मी पडलो, ती पण पडली. माझ्याएवढीच. इतक्या वर्षांत एकदा माझ्या बाजूने बोलली नाही रे ती." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "ती नाहीय आता तिथे. गेली. सुनीलला सांग, खातं बंद कर. उद्याच सगळं विकून टाकतो."

मला फक्त हो म्हणायचं होतं. सुनीलचं काम झालं असतं आणि मीही सुटलो असतो. मी तोंड उघडलं.

"काही विकायचं नाही," मी म्हणालो. "खातं वेगळंच राहील. आणि घाबरलेल्या माणसाने आधी जेवावं, मग बाजाराबद्दल बोलावं."

काका दचकले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"हे ती बोलायची. शब्द न् शब्द."

मी ते काकींच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. तीही माझ्याकडेच बघत होती, माझा आवाज ओळखीचा वाटत नसल्यासारखी.

"बांगड्याचं तिखलं आहे," ती अखेर म्हणाली. "वाढू का काका?"

"मला भूक नाही," काका म्हणाले.

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी काही क्षण मला निरखलं. मग चप्पल काढली, मोबाइल खिशात ठेवला आणि पानावर येऊन बसले. पहिला घास खाल्ल्यावर म्हणाले, "मीठ कमी आहे."

"बरोबर आहे मीठ," मी म्हणालो.

काकांनी मान खाली घातली आणि ते भराभर जेवू लागले.