वय वर्षे सत्तर, टप्पा पहिला

माणूस जन्मतो, वाढतो, म्हातारा होतो आणि जातो. हे सगळं आजवर लोक कुणालाही न विचारता करत आले होते. आरोग्य खात्याच्या मोबाइल-सेवा विभागाने मात्र अठरा बैठका घेऊन आयुष्याचे रीतसर सहा टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग दिला. (म्हातारपणाच्या रंगावर चार बैठका गेल्या. शेवटी फिका जांभळा ठरला.)

ही करामत विभागप्रमुखाची. भला माणूस, कामाला वाघ. लोक वय खोटं सांगतात हे त्याने पाहणी करून सिद्ध केलं होतं. प्रमाण शंभरात एकशे तीन. म्हणून विभागाचं नवं ॲप वय विचारतच नसे. पाच प्रश्न विचारून टप्पा ठरवी: दात किती? चालायला आधार लागतो? पाणी प्यायची आठवण कोण करून देतं? झोपायला कोण सांगतं? जेवताना समोर काय हलतं?

अशात त्याच्या आईला मोतीबिंदू झाला. एकदा तर खुंटीवरच्या शर्टाला मुलगा समजून ती अर्धा तास बोलली. (शर्टाने सगळं निमूट ऐकून घेतलं, तेव्हा तिला संशय आला.) उशीर केलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळणार ती ॲपवरूनच. प्रमुखाने हौसेने आईची उत्तरं भरली: दात नाहीत. भिंतीचा आधार. आठवण मुलगा करून देतो. झोपायलाही तोच सांगतो. समोर खिडकीचा पडदा हलतो.

निकाल लगेच आला: टप्पा पहिला, तान्हे बाळ. सोबत एक फुलपाखरू आणि गोवराच्या लसीची तारीख.

मोतीबिंदूची सोय फक्त सहाव्या टप्प्याला. टप्पा बदलायचा तर पालकाची संमती हवी. प्रमुखाने स्वतःचं नाव घातलं आणि तो सरकारदरबारी आपल्या आईचा बाप झाला. मग ॲपने विचारलं, बाळ चेहरे ओळखतं का? त्याने खरं ते लिहिलं, नाही. उत्तर आलं, काळजी नसावी, चौथ्या महिन्यात ओळखू लागेल. त्याने विभागाकडे तक्रार केली, आणि ती नोंदवून घेतल्याचं पत्र स्वतःच सही करून स्वतःला पाठवलं.

तिसऱ्या आठवड्यात आई वैतागली. "तुझं चालू दे," ती म्हणाली, "मी जाऊन येते." शेजारणीचा हात धरून ती दवाखान्यात गेली. नर्सने डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "वय किती, आजी?"

"सत्तर."

नर्सने चिठ्ठी लिहिली आणि गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. (ही पद्धत अशास्त्रीय असल्याने चौकशी सुरू आहे.)

पट्टी सुटल्यावर आईने आधी मुलाचं तोंड पोटभर पाहून घेतलं. डोळ्यांत पाणी आणायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तरी आलंच. मग तिने त्याच्या हातून फोन काढून घेतला. "बस आता. तुला मी विचारते."

दात बत्तीस. चालायला फोनमधल्या नकाशाचा आधार, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. पाण्याची आठवण मनगटावरचं घड्याळ करून देतं. झोप म्हणूनही तेच सांगतं. जेवताना समोर व्हिडिओ हलतात.

टप्पा पहिला, तान्हे बाळ. (दात लवकर आल्याबद्दल अभिनंदन.)

हसलात? हसा की. फक्त आज पाणी कुणाच्या सांगण्यावरून प्यायलात, तेवढं आठवून बघा. लस सोमवारी आहे. येताना आईला सोबत आणा.