गौरीच्या डोळ्यांची मगर

२०१८ साल होतं. मेट्रोसाठी निम्मं पुणं खणलेलं होतं आणि उरलेलं निम्मं त्याबद्दल बोलत होतं. त्याच श्रावणात बुधवार पेठेजवळच्या एका जुन्या कॉलेजात प्राध्यापक शर्मिला ओव्हाळ यांच्या जीवाश्मांच्या हॉलवर गदा आली. संस्थेचे सचिव अभयराव यांना तिथे कॉम्प्युटर लॅब करायची होती.

"मॅडम, वर्षभरात किती माणसं आली बघायला?"

"एकोणीस."

"तुम्हाला धरून?"

त्या हॉलमधला प्रत्येक दगड शर्मिलाबाईंनी सव्वीस वर्षांत एसटीतून, मांडीवर पिशवी घेऊन, स्वारगेटला उतरवला होता.

"गणपती संपेपर्यंत मुदत देतो," अभयराव म्हणाले. "गर्दी झाली तर हॉल तुमचा. नाहीतर दगड पेटीत."

बाईंनी विचार केला. बावीस कोटी वर्षांपूर्वी मगरींचे काही भाऊबंद जमिनीवर राहायचे. पोटावर सरपटायचे नाहीत, घोड्यासारखे सरळ पाय टाकत शिकार करायचे. तसलं बारा फुटी जनावर दारात उभं केलं, तर पेठेतली पोरं किंचाळत येतील. त्या कसबा पेठेत उत्तरेश्वर मूर्तिकाराकडे गेल्या. चाळीस वर्षं त्याने गणपती आणि गौरीचे मुखवटे यांखेरीज फारसं काही केलं नव्हतं.

"मगर म्हणजे पोटावर झोपलेली ना?" त्याने विचारलं.

"नाही, उभी. पाय अंगाखाली सरळ. कुत्र्याचे असतात तसे."

"मी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पाहिलीय, बाई. झोपलेलीच होती."

"तुम्हीही रविवारी झोपलेलेच असता," मुखवटे पुसता पुसता त्याची बायको द्वारका म्हणाली. "म्हणून काय पाय नाहीत तुम्हाला? बाई कॉलेजातल्या आहेत, सांगतात तशी करा."

त्याने केली. खवले, नखं, वीतभर दात, सगळं चित्राबरहुकूम. डोळ्यांची आखणी मात्र रीतीप्रमाणे शेवटी, आंघोळ करून, एका बैठकीत. आणि त्या हाताला एकच नजर ठाऊक होती. जबडा वासलेल्या जनावराच्या कपाळाखाली ज्येष्ठा गौरीचे मायाळू, किंचित ओले डोळे उमटले.

"अहो, हा शिकारी आहे!" शर्मिलाबाई ओरडल्या. "याला बघून घाबरायला हवं."

"मला तर बघून बरं वाटतंय," द्वारका म्हणाली.

"ते पुसा आणि रागीट काढा."

उत्तरेश्वरने ब्रश खाली ठेवला. "उघडलेले डोळे पुसत नसतात, बाई. दुसरी करून देतो. दिवाळीनंतर."

दिवाळीपर्यंत हॉलच राहणार नव्हता. मगर आली आणि दारात उभी राहिली.

पहिल्या दिवशी एका शाळेची मुलं आली. कोणी किंचाळलं नाही. एका मुलीने तर मगरीच्या नाकावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मगरीच्या पायाशी जास्वंदीचं फूल दिसलं.

"गोदाबाई, हे काय?" शर्मिलाबाईंनी झाडणाऱ्या बाईंना विचारलं.

"केर काढताना सारखी बघत होती माझ्याकडं. नुसतं निघून जायला बरं नाही वाटलं."

तिसऱ्या दिवशी दाराबाहेर चपलांची रांग लागली. शर्मिलाबाईंच्या आजोबांनी छप्पन साली घरातला देव्हारा काढला होता, त्यानंतर त्यांच्याकडे उदबत्ती लागलीच तर डासांसाठी. बाईंनी मगरीचं तोंड भिंतीकडे केलं. तेव्हा लोक डोळे बघायला मागून वळसा घालून जाऊ लागले आणि गर्दीमुळे दुसऱ्या बाजूने बाहेर पडू लागले. संध्याकाळपर्यंत त्याची प्रदक्षिणा झाली. मग बाईंनी पाटी लावली: "हा देव नाही. मगरीचा नामशेष नातेवाईक आहे. हात जोडू नयेत." सकाळी तिच्याखाली वेगळ्या अक्षरात लिहिलेलं होतं, "नारळ बाहेर फोडावा."

रांग फाटकापर्यंत गेली. रांगेतल्या एका बाईने शर्मिलाबाईंना हळूच विचारलं, "जागृत आहे ना हो?"

"होतं. बावीस कोटी वर्षांपूर्वी."

"अगं बाई! इतकं जुनं स्थान!"

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अभयराव चार हमाल घेऊन आले. "मी गर्दी म्हणालो होतो, मॅडम. जत्रा नव्हे. उचला रे!"

हमालांनी चपला काढल्या, हात जोडले आणि तसेच उभे राहिले.

"उत्तरपूजा झाल्याशिवाय कशी हलवायची, साहेब?"

अभयरावांनी चिडून शेजारच्या देवळातल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी मगरीला दोनदा न्याहाळलं. "कोणत्या देवतेची उत्तरपूजा सांगू?"

"मला काय विचारता? या बाईंना विचारा."

सगळे शर्मिलाबाईंकडे वळले. आपण खरं बोललो तर हॉल जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण फळ्यापुढे त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "हा देव नाही," त्या म्हणाल्या आणि मग थांबल्याच नाहीत. हा काय खाई, याचे पाय सरळ का, कमरेचा सांधा कसा, डायनासोर तेव्हा किती किरकोळ होते आणि हे सगळे संपले कसे. देव नाही हे मध्ये आणखी दोनदा सांगितलं. वीस मिनिटं भरलेला हॉल श्वास रोखून ऐकत होता. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

गुरुजींनी मान हलवली. "याची पूजा कुठे सांगितलेली नाही. आणि ज्याची पूजा ठाऊक नाही, त्याची उत्तरपूजा करता येत नाही. असू दे आहे तिथे."

"पण देव नाही म्हणतायत ना त्या!" अभयराव म्हणाले.

"म्हणू देत," हमालांतला एक म्हणाला. "उचलायचंय आम्हाला."

हॉल राहिला. कॉम्प्युटर लॅब सायकल स्टँडच्या जागी झाली आणि अभयराव संस्थेच्या पुढच्या निवडणुकीत पडले. ते गुरुवारी मगरीपुढे दिसतात असं लोक सांगतात, पण मी पाहिलेलं नाही. उत्तरेश्वर कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. आता आखणी द्वारका करते आणि तिची गौर जरा करड्या नजरेची असते. गोदाबाई लेकीकडे शिरूरला राहतात.

शर्मिलाबाई २०२३ साली निवृत्त झाल्या. परीक्षेआधी मुलं हॉलमध्ये तासभर रांगेत उभी असत आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे भिंतीवरचे तक्ते वाचत. त्यामुळे बाईंच्या विषयाचा निकाल कोविडची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी शंभर टक्के लागला. निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्याचं श्रेय मगरीला दिलं आणि शर्मिलाबाईंना शाल.