जुन्या कचेरीचे गज

चार वर्षांच्या मुलीचं डोकं जुन्या नगर कचेरीच्या कठड्यात अडकलं, तेव्हा तिच्या आईच्या पर्समध्ये थर्मामीटर, मलमपट्टी, दोन जादा फ्रॉक आणि उलटीची पिशवी होती. नेमका कठड्याचा विचार तिने केला नव्हता. जन्मदाखला घ्यायला आल्या आल्या तिने सवयीने सगळं हेरून ठेवलं होतं: जिना गुळगुळीत, खिडकी सैल, शिपायाला सर्दी. कठड्यावर मात्र 'संरक्षित वास्तू' अशी पाटी होती. ती वाचून तिला उगीचच हायसं वाटलं होतं.

व्हरांड्यात मांजर बसलं होतं. मुलगी फुटपाथवरून त्याच्याशी बोलायला वाकली, गजांमधून डोकं आत गेलं, आणि बाहेर येईना.

"हलू नकोस बाळा! श्वास घेतेयस ना?"

"घेतेय. तू ओरडू नकोस, मांजर पळेल."

आईने सासूबाईंना फोन लावला. "तेल लाव," सासूबाई म्हणाल्या. "नको, थांब, मीच घेऊन येते. तू घाबरून भलतंच काहीतरी करशील." समोरचा वेल्डर तर बोलावण्याआधीच कटर घेऊन हजर झाला होता.

"वहिनी, एक गज उडवला की काम झालं."

"खबरदार!" वास्तू जतन अधिकारी पायऱ्या उतरत आले. साहेब डोक्याने निमुळते आणि पोटाने ऐसपैस होते. मागोमाग त्यांचा कारकून. "हे गज एकशेचाळीस वर्षांचे आहेत!"

"आणि मुलगी चार वर्षांची आहे!"

"म्हणजे तिच्या हाताशी भरपूर वेळ आहे. रीतसर अर्ज करा. समिती गुरुवारी बसते."

"आज सोमवार आहे हो!"

"मग कागद जोडायला तीन दिवस मिळाले की."

"निदान तेल तरी लावू द्या."

"तेलाने मूळ रंग जातो."

आईने कठड्यावर कागद टेकवला. साहेबांनी तिथूनही उचलायला लावला. शेवटी वेल्डरच्या पाठीवर ठेवून तिने अर्ज लिहिला आणि कारणाच्या रकान्यात 'डोकं' असं भरलं. साहेबांनी ते वाचून खोडलं.

"कारण ग्राह्य नाही. या गजांमधून डोकं जातच नाही. मी स्वतः मोजलंय."

"गेलंय ना पण! समोर दिसतंय!"

"ताई, अंतर बघा जरा. हे बघा." साहेब शेजारच्या फटीपाशी वाकले. डोकं सहज आत गेलं. मग कान आडवे आले.

साहेबांनी डोकं डावीकडे वळवून पाहिलं, मग उजवीकडे.

"कारण ग्राह्य आहे," आतून आवाज आला. "कापा."

"परवानगी, साहेब?" वेल्डरने नम्रपणे विचारलं.

"माझ्या नावाने अर्ज लिहा!"

कारकून घुटमळला. "साहेब, अर्जदाराला समितीत बसता येत नाही. आणि तुमच्याशिवाय समिती बसत नाही. नियम आपलाच आहे."

मुलीने शेजारी पाहिलं. "काका, तुम्हालाही मांजर हवंय?"

मांजराला मात्र दोघांचा कंटाळा आला. ते उठलं आणि दाराकडे निघालं. मुलगी त्याला हाका मारत आडवी झाली, एक खांदा आत घातला, मग दुसरा, आणि सगळीच्या सगळी गजांमधून पलीकडे व्हरांड्यात उतरली. दारापर्यंत मांजरामागे धावली, ते निसटलं, तशी पायऱ्या उतरून आईपाशी आली. आईने तिची मान, कान, श्वास, सगळं दोनदा तपासलं.

"मीसुद्धा पलीकडूनच येतो," साहेब म्हणाले. त्यांनी खांदा घातला. पोटाने नकार दिला.

एवढ्यात सासूबाई तेलाची बाटली घेऊन धापा टाकत पोहोचल्या. नात आईच्या कडेवर, आणि कठड्यात भलताच माणूस. सूनबाईकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू अदलाबदल तिनेच केली होती.

"लावू का हो तेल?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी मान आणखी एकदा ओढून पाहिली.

"मूळ रंग..." कारकुनाने आठवण करून दिली.

"तू आत जा," साहेब त्याला म्हणाले. मग आवाज खाली आला. "आजी, कानांमागे जरा जास्त घाला."