आज पाणी किती?

शाळेतल्या प्रयोगशाळेचं दार आतून बंद होतं. आत माझी नात स्नेहल, नववीतली. तासभर हाका मारल्या, आतून हूं नाही की चूं नाही. मोठ्या बाईंनी बोळिंजहून सुतार बोलावला होता. तो येईपर्यंत मी दार बडवत होते आणि अनंत सर दारासमोर फरशीवर मांडी घालून बसले होते.

हा माणूस असाच. नंदाखालला त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. कुणाला 'कसे आहात' म्हणून विचारणार नाहीत. विचारणार, "आज पाणी किती?" वाडीत केळी शिंपायला बावखल असतं, म्हणजे तळं, तसं प्रत्येकाच्या मनात एक असतं म्हणे. घोट्यापर्यंत असेल तर ठीक, गळ्याशी आलं की बोलायचं. शाळेत भावनांचा तास घेतात, तिथंही हेच. एकदा कोळणीला विचारलं. ती म्हणाली, बोंबील घ्यायचे तर घ्या, नाहीतर सरका. मला रोज कुंपणावरून विचारायचे. मी म्हणायची, तुमचं बघा. ते हसायचे. स्वतःचं कधी सांगितलं नाही.

आदल्या दिवशी त्या तासाला स्नेहल सगळ्यांसमोर "गळ्यापर्यंत" म्हणाली आणि रडली. कुणीतरी लपवून आणलेल्या फोनवर तिचं रडणं काढलं. सकाळपर्यंत शाळाभर फिरलं.

मी सरांना तोंडावर सांगितलं, "तुमच्यामुळे झालं हे. चारचौघांत विचारता कशाला?"

"खरं आहे, काकू," ते म्हणाले. मग मला बडवणं थांबवायला लावलं आणि दाराला तोंड लावून हळू बोलले, "स्नेहल, तू काही सांगू नकोस. मी माझं सांगतो. नाकापर्यंत आहे. बायको गेली तेव्हापासून तेवढंच आहे."

कुंपणापलीकडे मी राहते. मला ठाऊक नव्हतं.

माझा हात पुन्हा दारावर जाणार, तेवढ्यात कडी निघाली. डोळे सुजलेली स्नेहल बाहेर आली, सरांकडे बघत राहिली.

"सर, उठा. फरशी गार आहे."

मग सुतार आला. सर त्यालाही विचारणार होते, मी डोळे वटारले.

आता तासाला पोरं चिठ्ठीवर लिहितात, त्या सर एकटेच वाचतात. फोन दाराबाहेर बादलीत. कुंपणावरून मी विचारते. कधी कंबर म्हणतात, कधी छाती. घोट्यापर्यंत अजून उतरलेलं नाही.

त्या दिवशी दाराच्या आत माझी नात बुडत होती आणि बाहेर सर. दोघंही आहेत.