शाई मुरतेय कुठं?

"नाक, नजर आणि मेंदू. यांपैकी एक जरी गोष्ट निसर्गानं माझ्याइतकी तेज दुसऱ्या कुणाला दिली असती, तर तो माणूस दुपारपर्यंत दमून झोपला असता. मी तिन्ही सांभाळतो, आणि वर घरचा भाजीपालाही आणतो."

भाऊजी हे आरशासमोर दाढी करताना बोलत होते. बोलण्याच्या भरात उजवा गाल तसाच राहून गेला होता. नजरेनं ते टिपलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मोठ्या माणसाचं समाधान मोडू नये.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर दावे तपासले. कुणाचं गोदाम जळालं, की जागेवर जाऊन राख हुंगायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं. त्यांच्या मते ती नेहमी लावलेलीच असे. त्या नोकरीतून दोन गोष्टी त्यांच्याबरोबर घरी आल्या. एक म्हणजे सगळ्या जगावरचा संशय, आणि दुसरी म्हणजे खोलीतून बाहेर पडताना दिसेल त्या यंत्राची पिन उपटायची सवय. पंखा, इस्त्री, टीव्ही, कशाचीच सुटका नव्हती. निवृत्त झाल्यावर हुंगायला राख उरली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःला गुप्तहेर नेमलं. मला साहाय्यक नेमलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मेव्हणा झालं की असली पदं चालून येतात, नाकारायची सोय नसते.

तर त्या रविवारी दाढी अर्धवट टाकून भाऊजी बाहेर आले, कारण ताईनं हाक मारली होती.

"अहो, परत शाई संपली."

ताईचं काम आधी सांगायला हवं. आजारपणात किंवा अपघातात ज्यांची वाचा जाते, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. पूर्वी मोठ्या दवाखान्यात नोकरी होती. तिथं एकामागून एक माणसं आत यायची आणि सगळ्यांना तीच छापील चित्रं दाखवायची, सफरचंद, हत्ती, जहाज. ताईला ते पटेना. नोकरी सोडून ती लोकांच्या घरी जाऊ लागली. ज्याच्या त्याच्या घरातल्या वस्तूंचे फोटो काढायचे, घरच्या प्रिंटरवर रंगीत छापायचे, आणि त्याच चित्रांवरून एकेक शब्द परत आणायचा.

सध्या तिच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. पक्षाघातानं त्यांचे शब्द नेले. माणसं ओळखत, हिशोब कळे, पेपर उलटा धरला तर रागानं सरळ करत, पण तोंडातून शब्द म्हणून येत नव्हता. ताईनं त्यांचा चष्मा छापला, काठी छापली, चहाचा कप छापला. मास्तर चित्राकडे बघत, ओठ हलवत, आणि मान फिरवून घेत.

"पानं मोजकी काढते मी," ताई म्हणाली. "तरी शाई टिकत नाही. सगळी मिळकत हा डबाच पितोय. असंच चाललं तर मुकाट्यानं दवाखान्यात परत जावं लागेल. तिथं सफरचंद तरी फुकट मिळतं."

ती हसत म्हणाली, पण हसणं वरवरचं होतं.

भाऊजींनी प्रिंटरभोवती एक प्रदक्षिणा घातली. "पाणी नाही, शाई कुठंतरी मुरतेय," ते म्हणाले. "आणि मुरवणाऱ्याला मी रंगेहाथ पकडणार. आजपासून प्रिंटर माझ्या ताब्यात. काम झालं की पिन काढून माझ्याकडे. कुणाला काही छापायचं असेल तर मी येईन, पिन लावीन, छापून झालं की परत काढीन."

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या वकिलांवर. भाऊजींचा सिद्धान्त असा की वकील आपल्या घरात बसून बिनतारी मार्गानं आमच्या प्रिंटरवर कागद छापतात.

"पण भाऊजी, छापलेले कागद इथंच पडतील ना? ते न्यायला त्यांना खाली यावं लागेल," मी म्हणालो.

"म्हणूनच तो परवा साखर मागायला आला होता."

"साखर मागायला आपण गेलो होतो."

"तपासात बारकावे कमी महत्त्वाचे असतात," भाऊजी म्हणाले.

दुसरा संशय उन्हावर. शाईची वाफ होते, असं त्यांचं म्हणणं. प्रिंटरवर ओला टॉवेल टाकण्यात आला. ताईनं तो काढून भाऊजींच्या खांद्यावर टाकला आणि ती निघून गेली.

तिसरा संशय दुकानदारावर. तो अर्ध्या भरलेल्या डब्या विकतो, असं ठरलं. भाऊजींनी नवी डबी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. नवीच ती, नीट वजन भरलं. संशय फिटला, पण त्या दिवशीची पोळी निळी झाली.

गंमत अशी, की पहारा जितका कडक होई, तितकी शाई वेगानं आटे. भाऊजी दिवसभर येरझाऱ्या घालत. ताईला एक चष्मा छापायचा असला की पिन लाव, चष्मा छाप, पिन काढ. पुन्हा काठी छापायची, की पुन्हा पिन. मधूनच 'सापळा तपासायला' म्हणून स्वतःच लावत आणि काढत. त्या डबीनं आधीच्यापेक्षा लवकर मान टाकली.

"चोर खवळलाय," भाऊजी समाधानानं म्हणाले. "आपण जवळ आलोय."

ताईनं पर्स उचलली. "तुम्ही चोर शोधा. मी दुसरा प्रिंटर बघून येते."

अर्थातच आम्ही तिघं गेलो.

दुकानातल्या बाईंनी आधी एक छोटा, गोंडस प्रिंटर पुढं केला. किंमत इतकी कमी की भाऊजी एक पाऊल मागं सरकले. "इतका स्वस्त का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "याच्यावर काही गुन्हा आहे का?"

"काका, तो प्रिंटर आहे," बाई म्हणाल्या.

ताईनं प्रिंटरकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, "याची शाई दाखवा. आणि एका डबीत पानं किती निघतात तेही सांगा." शाई आली. इवलीशी डबी, आणि किंमत जवळजवळ प्रिंटरच्या निम्मी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो असा. मग तिनं पलीकडच्या थोराड प्रिंटरकडे बोट केलं. त्याला बाजूला पारदर्शक टाक्या होत्या, बाटलीतून शाई ओतायची. यंत्र महाग, पण एक बाटली कितीतरी महिने पुरणारी. ताईनं पाठ केलेले प्रश्न एकेक करून विचारले. रंग वेगवेगळे घेता येतात का, बाटल्या सहज मिळतात का, बिघडला तर घरी येऊन दुरुस्त करतात का. तोवर भाऊजींनी तिसऱ्याच प्रिंटरच्या पोटात हात घालून त्याचं झाकण काढून ठेवलं होतं. ते परत बसवण्यात माझा वेळ गेला.

"हाच हवा," ताई टाक्यांवर हात ठेवून म्हणाली.

दुकानात होता तो नमुना होता. नवा मागवायला दोन-चार दिवस लागणार होते.

"घाई करू नकोस," भाऊजी घरी येताना म्हणाले. "चोर मोकळा असताना बाटलीनं शाई आणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं."

शंका ताईलाही होती. शाई खरंच कुठं जाते ते कळलं नव्हतं. नव्याचंही तेच झालं तर एवढे पैसे घालून दवाखाना काही चुकणार नव्हता.

संध्याकाळी तिला मास्तरांकडे जायचं होतं. मास्तरांच्या बायकोचा फोटो काढून आणला होता, तो छापायचा राहिला होता. भाऊजी आले आणि त्यांनी पिन लावली.

खिडकीशी भाऊजींच्या आई, आमच्या माई, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना त्या खोलीत दुपारची झोप लागते, म्हणजे हल्ली लागत नव्हती.

"अरे, सारखी सारखी पिन नको रे घालूस त्याला," माई म्हणाल्या. "पिन घातली की किती वेळ खाकरत बसतो. बिचाऱ्याचा घसा रोज किती वेळा साफ करायला लावशील?"

प्रिंटर खाकरतच होता. घर्रर्र, खट, घर्रर्र. आमचे कान त्याला इतके सरावले होते की ते ऐकूच येत नव्हतं.

ताई थांबली. "माई, दर वेळी खाकरतो?"

"दर वेळी. माणूस खाकरला की थुंकतो. हा कुठं थुंकतो कोण जाणे."

ताईनं पेचकस आणला आणि प्रिंटर आडवा करून तळाचं झाकण काढलं. आत स्पंजाची जाड गादी होती. निळी, पिवळी, गुलाबी, काळी शाई पिऊन ती टम्म फुगली होती. भिंतीतली पिनच काढली, की यंत्राला वाटे आपण फार दिवस बंद होतो. मग लावल्याबरोबर ते तोंड धुवून घेई आणि चूळ गादीवर टाकी.

"पुरावा," म्हणत भाऊजींनी ती गादी दोन्ही हातांनी उचलली आणि दाबून पाहिली.

मनगटापर्यंत रंगलेले हात घेऊन ते उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या सॉकेटकडे पाहिलं, आणि खाली बसले.

"लागली नव्हती," ते हळूच म्हणाले. "लावलीच होती."

माईंनी त्यांच्याकडे वर्तमानपत्राचा कागद सरकवला. ताईला एकाएकी इतकं हसू आलं की ती प्रिंटरला टेकून बसली. कितीतरी दिवसांनी ती खरं हसत होती.

हसून झाल्यावर तिला फोटो आठवला. डबीत गुलाबी रंगाचा टिपूस उरला नव्हता. जे होतं त्यात छापलं. मास्तरांच्या बायकोचा चेहरा हिरवट निघाला, डोळ्यांखाली निळ्या सावल्या. ताईनं कपाळावर हात मारला, पण जायची वेळ झाली होती. भाऊजी आणि मी बरोबर गेलो. भाऊजींना घरी बसवत नव्हतं.

मास्तर खुर्चीत बसले होते. त्यांच्या पत्नी, काकू, त्यांची उशी नीट करत होत्या. ताईनं माफी मागत चित्र पुढं धरलं. मास्तरांनी चित्राकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा चित्राकडे. ओठ हलले. नेहमीसारखी ते मान फिरवतील म्हणून ताई चित्र खाली घेणार, तोच ते म्हणाले,

"भूत."

शब्द जरा जाड होता, पण अख्खा होता. भाऊजींनी रंगीत हात पाठीमागं घेतले.

काकू उशी तशीच धरून त्यांच्यासमोर खाली बसल्या. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मास्तरांचा एका बाजूचा गाल वर चढला. "भूत," ते म्हणाले.

"आणखी एकदा म्हणा," काकू म्हणाल्या.