शिडीसंबंधी दोन अर्ज

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बार आहे आणि तिथे दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ साहित्यवाचन होतं. हे मी अभिमानाने सांगतो, कारण त्या वाचनाला शिस्त लावली ती मी. त्याआधी तिथे नुसतंच साहित्य होतं.

सुरुवात अगदी गबाळी झाली. बारमधला टीव्ही बिघडला. दुरुस्त करणारा आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि समोर बघायला काही उरलं नाही म्हणून गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. हे कोणालाच फार वेळ झेपणारं नव्हतं. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांनी खिशातून कागद काढला आणि स्वतःची कविता वाचली. डॉक्टरांसमोर आ वासून गप्प बसायची सगळ्यांना सवय होतीच. कविता संपल्यावर प्रत्येकाने आणखी एकेक ग्लास मागवला. बारचा मालक चतुर माणूस. त्याने टीव्हीवाल्याला फोन करून कळवलं, काही घाई नाही.

पुढचे दोन-तीन गुरुवार कोणीही उठायचं, वाचायचं आणि खाली बसायचं. औषधांच्या दुकानदाराने आईवर लिहिलेलं वाचलं आणि मध्येच रडला. बस चालवणाऱ्या एका बाईंनी आपल्या प्रवाशांवर लिहिलेलं वाचलं, लोक पोट धरून हसले. ना कोणी नाव नोंदवलं, ना कोणाची मंजुरी, ना कुठे सही. मी आपला सोडा घेऊन बसलो होतो. मी दारू घेत नाही. सोडा घेतो, त्यात मालक काय मिसळतो ते त्याचं त्याला ठाऊक. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात घालवलेल्या माणसाला हा प्रकार बघवेना. माणसं उठतात काय, मनातलं बोलतात काय. उद्या काही झालं म्हणजे जबाबदार कोण?

मी समिती स्थापन केली. डॉक्टर अध्यक्ष, मी चिटणीस आणि मालक सदस्य, कारण खुर्च्या त्याच्या. नियम मी एका बैठकीत लिहून काढले. अर्ज तीन प्रतींत. मजकूर दोन आठवडे आधी. एकदा येऊन गेलेला विषय पुन्हा घेता येणार नाही, म्हणजे श्रोत्यांना तेच तेच ऐकावं लागू नये. औषधवाल्याने आई आधीच संपवल्यामुळे पुढे कोणाच्याच वाट्याला आई आली नाही. शिवाय मजकुरात हयात व्यक्तीचा उल्लेख असेल तर त्या व्यक्तीचं ना-हरकत पत्र. हा नियम बसवाल्या बाईंमुळे करावा लागला. त्यांच्या एका प्रवाशाने स्वतःला ओळखलं होतं. मेलेल्यांविषयी काहीही लिहायला पूर्ण मुभा होती. त्यामुळे आमचे गुरुवार हळूहळू बरेच दुःखी होत गेले.

अशी सगळी घडी बसल्यावर नळवाला आला.

नळवाला म्हणजे गल्लीतले नळ दुरुस्त करणारा. आमच्या मोरीचा नळ त्याने तीनदा दुरुस्त केलाय आणि तो अजून गळतोय, पण त्याचा इथे संबंध नाही.

"चिटणीस, मला वाचायचंय," तो म्हणाला. "अडीच पानं आहेत."

"विषय?"

"शिडी."

"नवीन आहे. अर्ज भर, पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात नको. या महिनाअखेरीला दादा जातोय, लेकीकडे, कायमचा. त्याच्या हाताला कंप सुटलाय, घड्याळं दुरुस्त होत नाहीत आता."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आमचा घड्याळजी. रोज संध्याकाळी तो बारच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा, धाकट्याकडे पाठ करून. धाकटा खिडकीजवळ बसायचा, थोरल्याकडे पाठ करून. अकरा वर्षं दोघांत एक शब्द नाही. बारमध्ये नव्या आलेल्या माणसालाही पहिल्या दिवशीच सांगायचे, या दोन पाठींच्या मधल्या टेबलावर बसू नका, अन्न गोड लागत नाही.

मालक फडक्याने टेबल पुसत होता. तो मध्येच म्हणाला, "अरे, दहा पावलांवर बसलाय तो. जा आणि काय ते सांगून टाक."

"तोंडावर नाही जमत," नळवाला म्हणाला. "दोनदा गेलो होतो. जवळ गेलं की जीभ टाळ्याला चिकटते. इथे उभा राहून कागदावरचं वाचलं तर होईल. त्याने ऐकलं तर ऐकलं."

मी मालकाला समज दिली की समितीपुढे अर्ज असताना सदस्याने अर्जदाराला परस्पर सल्ले देऊ नयेत.

मजकूर मी त्याच दिवशी वाचला. वडिलांची एक लाकडी शिडी होती, आठ पायऱ्यांची. वडील गेल्यावर ती थोरल्याकडे राहिली. धाकट्याने ती कामाला म्हणून नेली आणि तिची तिसरी पायरी मोडली. वडिलांची तेवढीच वस्तू उरली होती, त्यामुळे सांगायची लाज वाटली. थोरल्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझ्याकडे नाही. थोरला म्हणाला, खोटं बोलतोस. तो म्हणाला, बोलतो तर बोलतो. संपलं. शिडी अकरा वर्षं त्याच्या पाण्याच्या टाकीमागे गोणपाटाखाली पडून. शेवटचं वाक्य होतं, "दादा, शिडी माझ्याकडेच आहे. चुकलं माझं." त्यापुढे मी लाल शाईने लिहिलं : शेवट फार थेट. पुनर्विचार व्हावा.

"बाकी ठीक आहे," मी त्याला सांगितलं. "फक्त ना-हरकत पत्र जोड."

"कोणाचं?"

"तुझ्या दादाचं. मजकुरात तो हयात आहे."

"अहो चिटणीस, त्याच्याकडे सही मागता आली असती तर हे लिहिलं कशाला असतं?"

"तो तुझा घरगुती प्रश्न झाला. समितीला फक्त सही पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याने 'दादा' काढून तिथे 'एक गृहस्थ' असं करून आणलं. हे अध्यक्षांपुढे ठेवलं. डॉक्टर बराच वेळ विचार करून म्हणाले की गुरुवारी बारमध्ये येणारे गृहस्थ एकोणीस आहेत, यांपैकी कोणीही तो अंगाला लावून घेऊ शकतो, सबब एकोणीस जणांचं ना-हरकत पत्र घ्यावं. गडी हट्टाचा. दोन दिवसांत अठरा सह्या घेऊन आला. एकोणिसावा गृहस्थ कोपऱ्यात पाठ करून बसला होता.

याच आठवड्यात घड्याळजीने मला बारच्या दाराशी गाठलं. त्याचा हात इतका कापत होता की पाकीट मलाच धरावं लागलं.

"एकच पान आहे, चिटणीस. जायच्या आधी एका गुरुवारी वाचीन म्हणतो."

"विषय?"

"शिडी."

मी घरी जाऊन पाकीट उघडलं. लिहिलं होतं : "शिडी मला पहिल्याच आठवड्यात त्याच्या टाकीमागे दिसली. तिसरी पायरी मोडलेली. मी बोललो नाही. म्हटलं, येऊन सांगेल. एक वर्ष वाट पाहिली. मग वाट पाहायचीच सवय लागली. शिडी राहू दे त्याच्याकडे. मला शिडी नकोय, धाकटा हवाय."

मी दोन्ही मजकूर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्या अंगावर काटा आला. तेच वडील. त्याच आठ पायऱ्या. तीच तिसरी पायरी, तीही मोडलेली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी उघड वाङ्मयचोरी पाहिली नव्हती. प्रश्न एवढाच होता की कोणी कोणाचं चोरलं.

तातडीची बैठक बोलावली. डॉक्टरांनी दोन्ही कागद वाचले आणि चौकशी नेमली. मालकाने ते वाचले आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"चिटणीस, यात चौकशी कसली?" तो म्हणाला. "याचा कागद त्याला द्या, त्याचा कागद याला द्या. मिटलं."

"चौकशीतली कागदपत्रं गोपनीय असतात."

"मग मी तोंडाने सांगतो दोघांना."

"सांगा की. नियम मोडला म्हणून समिती बरखास्त होईल, वाचन बंद पडेल आणि तुम्हाला टीव्ही दुरुस्त करून घ्यावा लागेल."

मालकाने चष्मा पुन्हा लावला. माणूस वाईट नाही, पण गुरुवारी बारमध्ये पाय ठेवायला जागा नसते, हेही खरं.

दोन्ही अर्जदारांना स्वतंत्रपणे लेखी प्रश्न दिले. तिसरी पायरी मोडल्याचं आपणास कसं समजलं? एकाने लिहिलं, मी मोडली. दुसऱ्याने लिहिलं, मी पाहिली. उत्तरांत तफावत आढळल्यामुळे चौकशी वाढवणं भाग पडलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत दोन्ही अर्जदारांनी बारच्या आवारात परस्परांशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधू नये, असा आदेश काढला. दोघेही हा आदेश निघण्याच्या अकरा वर्षं आधीपासून तो पाळत आले आहेत, याची समितीने समाधानपूर्वक नोंद घेतली.

दुसरा अर्जदार कोण हे दोघांपैकी कोणालाही सांगितलं नाही. नळवाल्याला एवढंच कळवलं की विषयाची द्विरुक्ती होत आहे.

"शिडीवर आणखी कोणी लिहिलंय?" तो चकित झाला. मग म्हणाला, "त्याचंही असंच काही असेल बिचाऱ्याचं. त्याला आधी वाचू द्या हवं तर. पण लवकर करा."

घड्याळजीला कळवलं तेव्हा तो नुसता म्हणाला, "माझं मंगळवारचं तिकीट आहे, चिटणीस."

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी अध्यक्षांनी निकाल दिला आणि माझी छाती अभिमानाने भरून आली. दोन्ही अर्जदार निर्दोष. साधर्म्य योगायोगाचं. दोन्ही मजकूर वाचनास योग्य, पैकी एक पुढल्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आणि दुसरा विषय बदलून. मात्र तत्पूर्वी दोघांनी एकमेकांचं ना-हरकत पत्र जोडावं. निकालाची प्रत टपालाने पाठवली. हातोहात दिली असती तर पोच कशी मिळणार?

त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या जबड्यावरच्या दीर्घकाव्याचा सहावा भाग होता. सगळे जमले. घड्याळजी कोपऱ्यात त्याच्या जागी बसला होता, नवा सदरा घालून, गल्लीतला शेवटचा गुरुवार म्हणून. तो अधूनमधून माईककडे बघत होता. भाग अर्ध्यावर आला आणि दारात नळवाला उभा राहिला. खांद्यावर शिडी.

मी धावत दाराशी गेलो. "हे काय आणलंस?"

"मी वाचत नाही, चिटणीस. काही बोलतही नाही. नुसती नेऊन त्याच्या टेबलाला टेकवून ठेवतो."

"नेपथ्याला परवानगी नाही. आणि हा सरळ सरळ संपर्क झाला. निकालाची पोच आलेली नाही, म्हणजे आदेश लागू आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत कोपऱ्यातल्या त्या पाठीकडे बघितलं. शिडी खाली टेकवली. मला वाटलं आता हा मला ढकलून आत जाणार, आणि खरं सांगतो, मी वाटेतून थोडा बाजूलाही झालो होतो. पण तो म्हणाला, "बरं. बाहेर ठेवतो मग. आठ वाजता निघेलच तो, दारातून जाताना दिसेल." त्याने शिडी दाराच्या चौकटीला आडवी टेकवली आणि पायरीवर बसून राहिला. अर्जदार असावा तर असा.

आठ वाजता वाचन संपलं. लोक उठले आणि दाराशी खोळंबले, कारण शिडीने वाट अडवली होती. अशा वेळी गोंधळ होऊ नये म्हणून काय करायचं हे नियमांत मी आधीच लिहून ठेवलं होतं. मी सगळ्यांना शिस्तीत, रांगेने, स्वयंपाकघराच्या दाराने मागच्या गल्लीत काढलं. घड्याळजी रांगेत शेवटून तिसरा होता. जाताना त्याने मला विचारलं, "माझ्या अर्जाचं काय झालं?" मी म्हणालो, "टपालाने येईल." त्याने मान हलवली आणि गेला.

नळवाला पुढच्या पायरीवर साडेनऊपर्यंत बसला होता. मालकाने जाऊन सांगितलं तेव्हा उठला. घड्याळजीच्या घरी जाईल असं मालकाला वाटलं होतं. तो स्वतःच्या घरी गेला. मंगळवारी गाडी वेळेवर सुटली. दोन्ही निकाल बुधवारी पोचले. पैकी एक 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आला. तो मी फाइलला लावला आणि दोन्ही प्रकरणं निकाली काढली.

शिडी कोणी न्यायला आलं नाही. ती आता समितीच्या ताब्यात आहे. तिच्यावर चढूनच आम्ही बारच्या दर्शनी भिंतीवर नवा फलक लावला, 'साहित्य माणसं जोडतं'. चढताना तिसरी पायरी सोडावी लागते. नळवाल्याला म्हटलं, बसवून दे की एखादी. तो म्हणाला, नको, तशीच असू दे. हल्ली तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो, भिंतीकडे पाठ करून. दर गुरुवारी येतो, शेवटपर्यंत ऐकतो, टाळ्याही वाजवतो.

तुम्ही म्हणाल, दहा पावलं तर होती, चालत का नाही गेला? की सगळा दोष त्या चिटणिसाचा? चालेल, मला सवय आहे. पण हे वाचता वाचता तुम्हालाही कोणीतरी आठवलंय. त्याचा नंबर तुमच्याकडे आहे, आणि तरीही आधी हे वाचून होऊ दे असंच तुम्ही ठरवलंत. हरकत नाही. त्याचं नाव अर्जाच्या चौथ्या रकान्यात लिहा, मजकूर तीन प्रतींत जोडा आणि समितीकडे पाठवा. निर्णय होईपर्यंत त्याच्याशी परस्पर संपर्क साधू नये. तसेही तुम्ही साधणार नव्हतातच.